ताईच्या रिपोर्टमधला बीआरसीए-१ : डीएनएची दुरुस्ती बिघडते म्हणजे नक्की काय होतं?

निशिगंधा

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

माझी ताई ३९ वर्षांची. गणपतीच्या सुमारास तिला छातीत गाठ लागली. जवळच्या डॉक्टरांनी "दुधाची गाठ असेल, विरघळेल" म्हणून गोळ्या दिल्या आणि त्यात आमचे तीन महिने गेले. मग बायोप्सी झाली, स्तनाचा कॅन्सर निघाला, ट्रिपल निगेटिव्ह प्रकारचा. म्हणजे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू या तिन्हींचे रिसेप्टर (पेशीवरचे संदेश पकडणारे रेणू) गाठीवर नाहीत, त्यामुळे त्यांच्यावरची औषधं तिला चालणार नाहीत. केमो सुरू आहे. वय कमी आणि ट्रिपल निगेटिव्ह म्हणून रक्ताची जनुकीय तपासणी केली. परवा रिपोर्ट आला : बीआरसीए-१, पॅथोजेनिक, म्हणजे आजार घडवू शकणारा बदल.

डॉक्टर म्हणाले, "डीएनए दुरुस्त करणारं जनुक जन्मापासून बिघडलेलं आहे, त्यामुळे गुणसूत्रं अस्थिर होतात." पुढचा पेशंट दारात उभा होता, आम्ही मान डोलावून बाहेर आलो. आता रात्री झोप लागत नाही. जन्मापासून प्रत्येक पेशीत बिघाड आहे, तर ३९ वर्षं काहीच कसं झालं नाही? सगळं अंग सोडून छातीतच का? दुरुस्तीच होत नसेल, तर डीएनए तोडणारी केमो तिला आणखी घातक नाही का? आणि मी? मी ३५ ची आहे, मुलगी आठ वर्षांची. आईच्या माहेरी तर कुणालाच कॅन्सर नव्हता.

समजेल असं कुणी सांगेल का? धीर हवाच आहे, पण त्याहून जास्त समजून घ्यायचंय.

सह्यकडा

ताईंना लवकर बरं वाटो. धागा वर ठेवतोय, जाणकार नक्की येतील.

पेशीवाचक

निशिगंधा, मी डॉक्टर नाही. डीएनए दुरुस्तीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे, त्यामुळे उपचाराचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पेशीत काय घडतं तेवढं सांगतो. थोडं लांबेल.

डीएनए आपल्याला वाटतो तितका टिकाऊ नाही. ऊन, धूर, क्ष-किरण यांनी तो बिघडतोच, पण काहीही बाहेरून न येता, आपल्याच पेशीतल्या पाण्याने आणि प्राणवायूने एकेका पेशीत दिवसाला हजारो ठिकाणी इजा होते. थॉमस लिंडाल यांनी १९७० च्या दशकात हे दाखवलं. असं असूनही आपण जगतो, म्हणजे पेशीत सतत दुरुस्ती चालू असणार, हा त्यांचा तर्क होता. पुढे २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संकार यांना या दुरुस्तीच्या शोधांसाठीच मिळालं.

डीएनएच्या दोन पट्ट्यांपैकी एकच तुटली तर काम सोपं, समोरची पट्टी नमुना म्हणून असतेच. दोन्ही पट्ट्या एकाच जागी तुटल्या की खरं संकट. तेव्हा पेशीपुढे मुख्यतः दोन रस्ते असतात. एक म्हणजे तुटलेली टोकं जवळ आणून शिवून टाकायची. घाईचं काम, त्यात डीएनएची मधली काही अक्षरं, म्हणजे त्याचे एकेक घटक, गळू शकतात. दुसरा रस्ता रफूचा. चांगला रफूगार त्याच कापडाचा दुसरा तुकडा शेजारी ठेवतो आणि वीण बघत एकेक धागा भरतो. पेशीकडेही असा तुकडा असतो. विभागण्याआधी ती प्रत्येक गुणसूत्राची दुसरी प्रत काढते आणि दोन्ही प्रती काही काळ एकमेकींना चिकटून राहतात. आमच्या शास्त्रात त्यांना बहिणीच म्हणतात. एक तुटली की दुसरीकडे बघून अक्षर न अक्षर भरून काढायचं.

बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या रफूचे कारागीर आहेत. बीआरसीए-१ तुटलेली टोकं तासून तयार करायला मदत करतं आणि नुसती शिवण न मारता रफूच व्हावा याकडे बघतं. मग पाल्ब-२ नावाच्या प्रथिनाच्या मार्फत ते बीआरसीए-२ ला बोलावतं. बीआरसीए-२ आपल्याबरोबर रॅड-५१ या आणखी एका प्रथिनाचे रेणू आणतं आणि तासलेल्या धाग्यावर मणी ओवावेत तसे ओवतं. ही माळ बहिणीच्या प्रतीत जुळणारी जागा शोधते. कारागिरांपैकी एक जरी नसला तरी रफू होत नाही. पेशी मग जमेल तशी टोकं जोडते : कुठे तुकडा गळतो, कुठे दुप्पट होतो, कुठे एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला जाऊन चिकटतो. "गुणसूत्रं अस्थिर" याचा अर्थ हा. अशा गाठीचा संपूर्ण डीएनए वाचला की या खुणा ओळखू येतात, कारण जोडाच्या जागी अक्षरं ठरावीक तऱ्हेने गळालेली असतात.

आता ३९ वर्षांचं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. ताईंना एक बिघडलेली आली, पण दुसरी चांगली आहे आणि रोजच्या कामाला ती पुरते. कधीतरी एखाद्या पेशीत ती चांगली प्रतही हरवते. गंमत नव्हे, आश्चर्य असं की अशी पेशी बहुतेक वेळा मरते. एवढी मोडतोड दिसली की पी-५३ हे पहारेकरी प्रथिन तिला थांबवतं किंवा संपवतं. म्हणून बीआरसीए-१ च्या गाठींमध्ये पी-५३ सुद्धा जवळपास नेहमीच बिघडलेलं सापडतं. हे सगळं एकाच पेशीत जुळून यायला वर्षं लागतात. स्तनातल्या पेशी पाळीच्या चक्राबरोबर, इस्ट्रोजेनमुळे पुन्हापुन्हा विभागतात, शिवाय इस्ट्रोजेनच्या विघटनातून होणारी काही रसायनं स्वतःच डीएनएला इजा करतात. त्यामुळे तिथे धोका जास्त.

केमोबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलं तर बरं.

निशिगंधा

पेशीवाचक, दोनदा वाचलं. मग ताईला वाचून दाखवलं. "बहिणीकडे बघून दुरुस्ती" ऐकल्यावर तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मनापासून आभार.

अश्विनी_औषधवाली

मी कर्करोग विभागात फार्मासिस्ट आहे, रोज केमोच्या बाटल्या तयार करते. निशिगंधा, तुमचा तिसरा प्रश्न मला नातेवाईक नेहमी विचारतात.

ताईंच्या केस, रक्त, आतड्यातल्या पेशींमध्ये बीआरसीए-१ ची एक चांगली प्रत आहे, म्हणजे तिथे रफू होतो. गाठीतल्या पेशींमध्ये एकही नाही. कार्बोप्लॅटिनसारखी प्लॅटिनमची औषधं डीएनएच्या पट्ट्या एकमेकींना बांधून टाकतात. त्या बांधलेल्या पट्ट्या सोडवायच्या तर रफूचीच यंत्रणा लागते. चांगल्या पेशी सोसतात आणि सावरतात, गाठीतल्या पेशी तिथेच अडकतात. ज्या उणिवेमुळे कॅन्सर झाला, तीच त्याची दुखरी जागा आहे.

ब्रिटनमधल्या टीएनटी चाचणीत (निकाल २०१८) पसरलेल्या आजाराच्या बायकांना कार्बोप्लॅटिन किंवा डोसिटॅक्सेल दिलं होतं. जन्मजात बीआरसीए बिघाड असलेल्यांपैकी कार्बोप्लॅटिनने ६८ टक्के जणींची गाठ आटोक्यात आली, डोसिटॅक्सेलने ३३ टक्के. सगळ्या ट्रिपल निगेटिव्ह बायका एकत्र धरल्या तर मात्र दोन्ही औषधं सारखीच ठरली. म्हणजे फरक दुरुस्तीच्या बिघाडामुळे पडला. आपल्या परळच्या टाटा मेमोरियलमध्येही सातशेहून जास्त ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांवर शस्त्रक्रियेआधी कार्बोप्लॅटिनची भर घालून बघितली. पन्नाशीच्या आतल्या बायकांना त्याचा स्पष्ट फायदा झाला. आपल्याकडे हा आजार तुलनेने तरुण बायकांमध्ये येतो आणि ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाणही पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे, म्हणून ही चाचणी इथे होणं फार मोलाचं होतं.

दुसरं औषध ओलापॅरिब, तोंडाने घ्यायच्या गोळ्या. पार्प नावाचं प्रथिन डीएनएच्या एका पट्टीतल्या लहान तुटी बुजवायला मदत करतं. ओलापॅरिब त्याला तुटलेल्या जागीच खिळवून ठेवतं. पेशी डीएनएची प्रत काढायला निघाली की तिची यंत्रणा या अडथळ्यावर आदळते आणि लहान तुटीची मोठी तूट होते, दोन्ही पट्ट्यांची. ज्या पेशीला रफू येतो ती वाचते. गाठीतल्या पेशीचा एक रस्ता जन्माच्या बिघाडाने बंद, दुसरा आपण गोळीने बंद केलेला. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या दोन गटांनी एकाच वेळी हे दाखवलं. प्रयोगशाळेतल्या कल्पनेपासून गोळीपर्यंत पोचायला दहा वर्षंही लागली नाहीत, आमच्या क्षेत्रात हे फार थोड्या वेळा होतं.

ऑलिम्पिया चाचणीत १,८३६ रुग्ण होते. लवकरच्या टप्प्यातला पण परतण्याचा धोका जास्त असलेला आजार, जन्मजात बीआरसीए बिघाड, हर-टू निगेटिव्ह. नेहमीचे उपचार झाल्यावर वर्षभर ओलापॅरिब दिलं. तीन वर्षांनी आजार न परतलेल्यांचं प्रमाण ८५.९ टक्के, नुसत्या साखरेच्या गोळीवर ७७.१ टक्के. ताईंची शस्त्रक्रिया झाल्यावर हे औषध लागू होतं का, हा प्रश्न डॉक्टरांना लिहूनच न्या. गोळ्यांनी हिमोग्लोबिन उतरतं, मळमळ आणि थकवा येतो, त्यामुळे रक्ताच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत.

एकटा_प्रवासी

अश्विनीताईंनी लिहिलं ते सगळं खरं आहे. मला एकच भर घालायची आहे, ती कुणाला घाबरवण्यासाठी नाही.

माझ्या पत्नीला बीआरसीए-२ होता, आजार हाडांत गेल्यावर ओलापॅरिब सुरू केलं. पहिल्या दोन महिन्यांत दुखणं इतकं कमी झालं की ती स्वतः उठून पुरणपोळ्या करायला लागली. चौदा महिने ते औषध चाललं. मग नाही चाललं. आम्हाला वाटलं आमचंच काही चुकलं, पथ्य चुकलं, एखादी गोळी राहिली. कितीतरी महिने मी स्वतःला दोष देत होतो. कुणी आधी समजावलं असतं तर तेवढं तरी ओझं टळलं असतं. औषध थकू शकतं, त्यात घरच्यांचा दोष नसतो.

पेशीवाचक

एकटा_प्रवासी, तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही. यामागचं कारण माहीत आहे. ज्या अस्थिरतेमुळे गाठीत सतत नवे बदल होतात, त्याच बदलांतून एखाद्या पेशीत बिघडलेल्या बीआरसीए-२ जनुकाजवळच आणखी एक बदल होतो आणि जनुकाचं वाचन पुन्हा ओळीवर येतं. कारागीर परत कामाला लागतो, रफू सुरू होतो, औषध निकामी होतं. २००८ मध्ये हे पहिल्यांदा नोंदलं गेलं. दुसरी वाट बीआरसीए-१ ची. ५३बीपी१ हे प्रथिन टोकं तासू देत नाही, शिवणीकडे ढकलतं. गाठीतून तेच नाहीसं झालं तर बीआरसीए-१ शिवायही थोडाफार रफू होतो. पथ्याचा यात कुठेच संबंध येत नाही.

तुमची पोस्ट वाचून आमच्या प्रयोगशाळेत आज बराच वेळ कुणी बोललं नाही.

जुनीवही

थोडा इतिहास, कारण यात आपलंही एक माणूस आहे.

घराण्यातून स्तनाचा कर्करोग येतो हे पॅरिसचे शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्ये आपल्या पत्नीच्या माहेरच्या पिढ्यांची नोंद करून मांडलं. पुढे सव्वाशे वर्षं त्याचं कारण हाती लागलं नाही. एकाच जनुकाने असा आजार येऊ शकतो हेच बऱ्याच शास्त्रज्ञांना पटत नव्हतं. मेरी-क्लेअर किंग चिकाटीने कुटुंबांची माहिती जमवत राहिल्या आणि १९९० मध्ये २३ कुटुंबांच्या अभ्यासातून त्यांनी दाखवलं की हे जनुक १७ व्या गुणसूत्रावर आहे. १९९४ मध्ये बीआरसीए-१ प्रत्यक्ष सापडलं, १९९५ मध्ये १३ व्या गुणसूत्रावरचं बीआरसीए-२. बीआरसीए-१ शोधणाऱ्या अमेरिकन कंपनीने दोन्हींवर पेटंट घेतलं आणि अमेरिकेत ही तपासणी वर्षानुवर्षं एकाच प्रयोगशाळेच्या हातात राहिली. जून २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की निसर्गतः असलेल्या जनुकावर कुणाची मालकी असू शकत नाही. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. आजीकडून नातीकडे आलेली गोष्ट कुणा कंपनीची कशी होईल?

आता आपलं माणूस. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली, अमेरिकेतून उती-संवर्धनाचं, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं, तंत्र शिकून आल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्याची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचा संबंध त्या शोधत होत्या, तेही बीआरसीए हे नाव जन्माला यायच्या कितीतरी आधी. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांच्यावर एक धडा असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

निशिगंधा

काल बाबांशी बोलले. आईकडे कुणी नव्हतं म्हणून आम्ही निर्धास्त होतो. बाबांना विचारलं तर आधी म्हणाले, "आमच्याकडे कुणाला काही नाही." मग जेवताना हळूहळू निघालं. त्यांची आई ४४ व्या वर्षी गेली, "छाती नासली होती" एवढंच ते लहानपणी ऐकून होते. थोरली आत्या पन्नाशीत गेली तेव्हा घरात "पोटात पाणी झालं" म्हणत. बाबा ताट तसंच ठेवून उठले आणि म्हणाले, "म्हणजे हे माझ्याकडून गेलं पोरीला." मला काय बोलावं कळेना.

रेवा_समुपदेशक

मी जनुकीय समुपदेशनाचं काम करते. निशिगंधा, बाबांना माझ्याकडून सांगा, माणूस आपली जनुकं निवडत नाही आणि मुलांना कोणती द्यायची हेही ठरवत नाही.

वडिलांकडची बाजू निसटते ती अगदी अशीच. पुरुषाला बिघाड असूनही बहुतेक वेळा स्तनाचा आजार होत नाही, म्हणून घराण्यातला तो दुवा दिसत नाही. पण प्रत्येक मुलाला आणि मुलीला तो जायची शक्यता निम्मी असते. आणि "पोटात पाणी झालं" हे शब्द मी कुटुंबाचा वृक्ष काढताना कितीदा ऐकते. त्यामागे पुष्कळदा अंडाशयाचा कर्करोग असतो. बीआरसीए-१ मध्ये ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाच्या कर्करोगाचा धोका साधारण ७२ टक्के, अंडाशयाचा ४४. बीआरसीए-२ मध्ये ६९ आणि १७. बीआरसीए-२ असलेल्या पुरुषांना प्रोस्टेटचा धोका वाढतो, हेही घरातल्या भावांना माहीत असू द्या.

तुमच्यासाठी : ताईंच्या रिपोर्टची प्रत घेऊन जा. त्यात नेमका बदल लिहिलेला असतो आणि तुमच्या रक्तात तेवढाच शोधायचा असतो, ही तपासणी सोपी आणि स्वस्त पडते. तो नसेल तर तुमचा धोका इतर बायकांइतकाच. असेल तर आजार झाला असं मुळीच नाही. दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी, आणि मुलं झाल्यावर साधारण ३५ ते ४० च्या दरम्यान अंडाशय व बीजवाहिन्या काढण्याचा विचार, एवढं तुमच्या हातात येतं. निर्णय तुमचा, घाई नको. मुलीची तपासणी आत्ता करू नका. ती सज्ञान झाल्यावर स्वतः ठरवेल.

माई_कोकण

मी जुन्या वळणाची आहे, रागावू नका. हे सगळं कळून घ्यायचं कशाला? एकदा कागदावर आलं की मुलीच्या लग्नात लोक विचारतील. आमच्या वेळी माहीत नव्हतं तेच बरं होतं.

रेवा_समुपदेशक

माई, राग कसला. ही भीती खरी आहे, माझ्या समोरच्या खुर्चीत बसून आया हेच विचारतात आणि रडतात. रिपोर्ट कुणाला दाखवायचा हा हक्क त्या बाईचा आहे, आमच्याकडून तो बाहेर जात नाही. पण निशिगंधाच्या आजींना ४४ वर्षं मिळाली. माहीत नसल्याने त्या वाचल्या नाहीत, फक्त कुणी त्याबद्दल बोललं नाही.

माई_कोकण

खरं आहे बाई. माझी धाकटी जाऊही अशीच गेली. तिच्या मुलींना फोन करते.

वाटसरू२२

एक शंका. माझ्या बहिणीच्या रिपोर्टमध्ये बीआरसीए-२ चा बदल आहे पण "अर्थ अनिश्चित" असं लिहिलंय. नातेवाईक म्हणतात आत्ताच ऑपरेशन करून टाका.

रेवा_समुपदेशक

थांबा. अशा बदलावरून शस्त्रक्रिया ठरवत नाहीत. जनुकातला प्रत्येक बदल घातक नसतो. भारतीयांचा डीएनए जगातल्या नोंदींमध्ये कमी असल्याने आपल्याकडे असे रिपोर्ट जास्त येतात. पुढे नोंदी वाढल्या की त्यातले बहुतेक निरुपद्रवी ठरतात. दर वर्षा-दोन वर्षांनी प्रयोगशाळेला पुन्हा विचारा. तपासण्या किती आणि कोणत्या, ते घराण्याच्या इतिहासावरून ठरवा.

निशिगंधा

बरेच दिवसांनी लिहितेय. ताईची शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या भागात थोडा आजार शिल्लक होता, म्हणून डॉक्टरांनी वर्षभर ओलापॅरिब सांगितलंय. अश्विनीताई, प्रश्न लिहून नेला होता. डॉक्टरांनी कागद हातात घेऊन सगळा वाचला आणि या वेळी बसायला सांगितलं.

माझा रिपोर्ट आला. माझ्यात तो बदल आहे. पहिले दोन दिवस वाईट गेले. पहिला एमआरआय झाला, स्वच्छ आहे. अंडाशयाचं दोन वर्षांनी ठरवायचं असं मी आणि नवऱ्याने बोलून ठरवलंय.

बाबांनी स्वतःहून एका वहीत घराण्याचा वृक्ष काढलाय, पणजोबांपासून. प्रत्येक नावापुढे वय आणि काय झालं होतं ते, आठवेल तसं, लोकांना फोन करकरून. थोरल्या आत्याची मुलगी इस्लामपूरला असते, ४७ वर्षांची. तिला त्यांनीच फोन केला. ती आधी नको म्हणाली, मग काल रात्री उशिरा तिचाच फोन आला. मंगळवारी सकाळच्या एसटीने येतेय. बाबा तिला घ्यायला स्टँडवर जाणार आहेत, आणि तिच्याबरोबर तेही रक्त देणार आहेत.